देवाची भीती नसेल तर मूल चांगलं वागेल कशावरून?

तुम्ही विचारलंय की तुमच्या घरात देवधर्म नाही, मुलगी नववीत आहे आणि सासूबाई म्हणतात, "देवाची भीतीच नसेल तर ही उद्या नीट वागेल कशावरून?" त्यांना काय सांगावं?

मी स्वतः देव मानत नाही. तरीही सासूबाईंचा प्रश्न उडवून लावू नका. त्या नातीच्या काळजीपोटी विचारताहेत, आणि प्रश्न खरंच अवघड आहे. मला पटत नाही तो फक्त भीतीचा भाग. वर्षानुवर्षं वारी करणारी, दारी आलेल्याला उपाशी न पाठवणारी जी माणसं मी पाहिली, त्यांच्या वागण्यात भीती कुठेच नव्हती. चांगलं काय हे ठरवायचं कशावरून, हा मला खरा प्रश्न वाटतो. चोरी करू नये, म्हाताऱ्यांना सांभाळावं, यावर श्रद्धाळू आणि नास्तिक भांडत नाहीत. वाटा फुटतात तिथलं एक उदाहरण सांगतो.

1890 च्या सुमारास कोलकात्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिशीतल्या नवऱ्याच्या जबरदस्तीने रक्तस्राव होऊन मेली. 1860 च्या दंडसंहितेत संमतिवय, म्हणजे ज्या वयाखालच्या मुलीशी संबंध हा बलात्कार ठरे ते वय, होतं दहा वर्षं. त्यामुळे बलात्काराचा आरोप टिकलाच नाही. एका वर्षाची शिक्षा झाली, तीही बेपर्वाईने इजा केल्याबद्दल. मग 1891 मध्ये संमतिवय बारा करण्याचं विधेयक आलं आणि पुण्यात रान पेटलं. सनातनी म्हणत, पहिल्या ऋतुदर्शनानंतर, म्हणजे पहिली पाळी आल्यावर, ठरलेल्या दिवसांत गर्भाधान (नवऱ्याशी पहिला संबंध) झालंच पाहिजे. बाराच्या आत न्हाण आलं तर हा कायदा धर्माच्या आड येतो. (टिळकही विरोधात होते, पण त्यांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने आपल्या रूढींत हात घालण्याला होता.)

विधेयकाच्या बाजूने बोलणाऱ्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते आणि गोपाळ गणेश आगरकरही होते. भांडारकर प्रार्थना समाजाचे, ईश्वर मानणारे, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी धर्मग्रंथ उघडून दाखवलं की गर्भाधान पहिल्याच ऋतूला व्हावं असं बंधन नाही, ते पुढे ढकलता येतं. आगरकर अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारे. आपल्या 'सुधारक' पत्रातून ते मांडत राहिले की रूढी आणि शास्त्रं माणसाच्या सुखदुःखाच्या कसोटीवर तपासायची आणि त्या कसोटीला उतरत नाही ते सोडून द्यायचं.

मी आगरकरांच्या बाजूचा आहे, पण भांडारकरांचं मोल कमी लेखणार नाही. पोथीवर जीव असलेल्या माणसाला त्याच्याच पोथीतून समजावणं आगरकरांना जमणारं नव्हतं. आगरकरांची तर पुण्यातल्या लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरीही एक प्रश्न मला सोडत नाही. भांडारकरांना तो अर्थ सापडला नसता तर? वचन उलटं आणि स्पष्ट असतं तर? त्या पोरीच्या मरणाचा अर्थ तेव्हा बदलला असता का? मला वाटतं, भांडारकरांनाही ते मरण आधी सलत होतं आणि मग त्यांनी आधार शोधला. शास्त्रातलं कोणतं वचन पुढे आणायचं हे ज्या बुद्धीने माणूस ठरवतो, ती वचनातून आलेली नसते. मानवतावादी, म्हणजे देवाऐवजी माणसाच्या सुखदुःखावरून नीती ठरवणारा, तिच्यावरच सगळी भिस्त ठेवतो.

यावर सासूबाई म्हणू शकतात, माणसाने ठरवलेली नीती माणूस उद्या बदलेल. बरोबर आहे. देवाला हटवून माणसं आपोआप दयाळू होत नाहीत. स्टालिनच्या रशियाने देव हटवला आणि माणसंही चिरडली. मानवेंद्रनाथ रॉय एकेकाळचे मोठे कम्युनिस्ट, पण शेवटी व्यक्तीचं स्वातंत्र्य केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मानवतावादाकडे वळले आणि 1948 मध्ये आपला पक्षच त्यांनी विसर्जित केला. त्यांच्या मराठी सहकाऱ्यांत वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते, म्हणजे शास्त्र कोळून प्यालेला माणूस.

धर्म आमच्यापेक्षा कुठे सरस आहे तेही सांगतो. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही देहदान केलं. गाडी आली, देह गेला, आणि घरात करायला काही उरलंच नाही. शेजारच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या आणि दारातच अडखळल्या. म्हणाल्या, "दहावं नाही, तेरावं नाही, मग आम्ही भेटायला यायचं तरी कधी?" माझ्यापाशी उत्तर नव्हतं. शेवटी एक संध्याकाळ ठरवली, लोक आले, वडिलांबद्दल बोलले. ते चांगलं झालं, पण आम्हाला सगळं नव्याने जुळवावं लागलं. धर्माकडे त्याची घडी शेकडो वर्षं बसलेली आहे. लोकांना एकत्र आणणं, सवय लावणं, दुःखात काय करायचं ते आयतं हाती देणं, यात आम्ही फार मागे आहोत.

बाबासाहेबांनी ही उणीव ओळखली होती असं मला वाटतं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी जो धम्म स्वीकारला, त्यात ईश्वराला जागा नाही. पण नीती ही नुसती सोय नसावी, ती पवित्र मानली गेली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून बावीस प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा-विष्णू-महेशाला मानणार नाही हे त्यात आहे. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, प्राणिमात्रांवर दया करीन हेही आहे, आणि ते सगळं हजारोंनी एका सुरात म्हणायचं.

तेव्हा सासूबाईंना सांगा, नातीला शिकवायचं ते खुशाल शिकवा. ती तुमच्याबरोबर देवळात आली तरी आमची हरकत नाही. फक्त तिने "का?" विचारलं की "देवाला आवडत नाही" एवढ्यावर थांबू नका, त्याने कोणाला काय भोगावं लागतं तेही सांगा. आणि तुम्ही दोघांनी मुलीला दर आठवड्याला कुठेतरी चार माणसांत, त्यांच्या उपयोगी पडेल अशा कामाला न्या. मोठ्यांच्या सोबतीने केलेल्या कामातून जे मुरतं, ते नुसत्या सांगण्याने मुरत नाही. तुमच्या सासूबाई त्या कामाला बरोबर आल्या तर फारच चांगलं.