किती आहेत ते नंतर विचार

तुझा मेल वाचला. एमएस्सीला इकॉलॉजी घेतोय म्हटल्यावर घरच्यांनी काय तोंड केलं ते वाचून हसू आलं, होईल त्यांना सवय. पण प्रोजेक्टचा जो विषय तू लिहिलायस, आमच्या तालुक्यात बिबट्यांची संख्या किती, त्याबद्दल जरा बोलायचंय.

मोजायला माझी ना नाही, मोजल्याशिवाय या धंद्यात काहीच होत नाही. फक्त काय होतं की आकडा हातात आला की आपण खूश होतो आणि तिथेच थांबतो, पेपरवाल्यांचंही तेच, वाघ वाढले की पेढे आणि घटले की बोंबाबोंब. एका जंगलात शंभर जनावरं आहेत आणि दुसऱ्यातही शंभरच आहेत, पण पहिल्यात निम्मी पिल्लं आहेत आणि दुसऱ्यात सगळी म्हातारी, तर कागदावर दोन्ही सारखी दिसतील आणि पुढच्या दहा वर्षांत एक जंगल भरेल नि दुसरं ओस पडेल. म्हणून आधी हे विचार की हा प्राणी जगतो कसा, किती वर्षांचा झाला की वीण करतो, एका वेळी किती पिल्लं, त्यातली किती टिकतात, आणि मरतो तो कुठल्या वयात.

हिशोब म्हणशील तर चारच गोष्टींचा आहे: जन्म, मृत्यू, बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले. पहिल्या दोन सगळ्यांच्या लक्षात राहतात, शेवटच्या दोन कोणी धरत नाही. जुन्नरला उसातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा प्रकार झाला होता, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्यावर अभ्यास केलाय, तो मिळवून वाच. बिबटे हलवून माणसांवरचे हल्ले कमी व्हायचे सोडून वाढले. बिबट्या उचलला म्हणजे प्रश्न उचलला असं होत नाही, जागा रिकामी झाली की दुसरा येतो आणि सोडलेला नव्या ठिकाणी गोंधळ घालतो.

आता पुस्तकात तुला संख्या कशी वाढते त्याचे दोन ग्राफ भेटतील. एक सुसाट वर जाणारा आणि दुसरा इंग्रजी एससारखा वळून सपाट होणारा, या दुसऱ्याचं गणित व्हेरहुल्स्ट नावाच्या बेल्जियन माणसाने १८३८ मध्येच मांडलं होतं. सपाट होतो ती पातळी म्हणजे कॅरिंग कपॅसिटी, त्या जागेला झेपेल एवढी संख्या. गणित सोपं आहे, परीक्षेपुरतं एका संध्याकाळी होईल. पण खरा प्राणी ती रेघ बघून ब्रेक मारत नाही. अलास्काजवळ सेंट मॅथ्यू नावाचं बेट आहे, तिथे १९४४ मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डने २९ रेनडिअर सोडले. शिकारी प्राणी कोणी नाही, खायला लायकेनचा, म्हणजे आपल्या दगडफुलासारख्या वाढीचा, गालिचा. १९६३ पर्यंत ६,००० झाले. तोवर लायकेन चरून संपवलेलं, त्यात एक भयंकर हिवाळा आला आणि १९६६ मध्ये मोजले तर ४२ शिल्लक. म्हणजे कपॅसिटी ही काय दगडावर कोरलेली रेघ नसते, खाणारेच ती खाली आणतात, हे लक्षात ठेवलंस तर अर्धं प्रकरण समजलं.

खरी मजा मात्र मला लाइफ हिस्टरीमध्ये, म्हणजे प्राणी कधी वाढतो, कधी वितो आणि कधी मरतो या आखणीत, वाटते आणि ती शिकायला जंगलात जायची गरज नाही, मालवणच्या मासळी बाजारात जा. एका टोपलीत तारली आणि बाजूला मोरी पडलेली असते. तारली साधारण वर्षाची झाली की अंडी घालते, हजारोंनी घालते आणि दोन-तीन वर्षांत तिचं आयुष्य आटोपतं. मोरी म्हणजे शार्क, ती वयात यायलाच बराच वेळ घेते आणि पिल्लं मोजकीच देते, बऱ्याच जाती तर थेट पिल्लंच जन्माला घालतात. दोघींपैकी हुशार कोण असा प्रश्न नाही. पगार ठरलेला असल्यासारखं आहे, प्राण्याला मिळणारी एनर्जी तेवढीच, ती वाढीला घालवली तर विणीला कमी आणि विणीला घालवली तर स्वतः टिकायला कमी, तिन्हीकडे भरभरून कोणालाच जमत नाही. मासेमारी जोरात झाली तर तारली चांगल्या वर्षात परत उसळू शकते (आणि समुद्र बिघडला तर कोणी न पकडताही गायब होते, तो वेगळा विषय), मोरीचं तसं नाही, ती एकदा खाली गेली की वर यायला पिढ्या जातात. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवून दिली त्यामागे हाच विचार आहे, माशाला निदान एकदा तरी वीण करू दे, मग पकड.

पुस्तकात याला आर (तारलीसारखे, झटपट आणि भरपूर विणारे) आणि के (मोरीसारखे, सावकाश आणि मोजके) अशी दोन खाती पाडलेली दिसतील, मॅकआर्थर आणि विल्सनची १९६७ पासूनची. सुरुवातीला कामाला येतात, पण प्रत्येक प्राणी ओढून-ताणून कुठल्यातरी खात्यात कोंबत बसू नकोस. समुद्री कासवालाच बघ ना, वयात यायला दहा-बारा वर्षं नाहीतर त्याहून जास्त, म्हणजे मोरीसारखं सावकाश, आणि अंडी मात्र एका घरट्यात शंभराच्या आसपास. कुठल्या खात्यात टाकणार?

कासवाचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो कारण माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात शिकवणारी गोष्ट हीच आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास तुला माहीत असेल, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडलेची अंडी वाचवायचं काम सुरू केलं आणि गावाने ते आपलं मानलं. पिल्लं समुद्राकडे धावताना बघायला लोक पुण्या-मुंबईहून येतात. तिकडे अमेरिकेतही लॉगरहेड जातीच्या कासवांची अंडी वर्षानुवर्षं सांभाळत होते, तरी कासवं कमीच होत होती. १९८७ मध्ये क्राउस, क्राउडर आणि कॅसवेल या तिघांनी कासवाच्या आयुष्याचे टप्पे पाडले, अंडं, लहान पिल्लू, मोठं पिल्लू, वयात आलेली मादी असे, आणि प्रत्येक टप्प्यात किती जगतात आणि ते बदललं तर काय होईल याचं गणित मांडलं. उत्तर असं आलं की अंडी अगदी शंभर टक्के वाचवली तरी घसरण थांबत नाही, सगळ्यात जास्त फरक पडतो तो मोठी पण अजून वयात न आलेली कासवं जगली तर. आणि ती मरत होती कोळंबीच्या ट्रॉलरच्या जाळ्यात बुडून. त्यातून जाळ्याला कासव निसटेल असं दार बसवायच्या मागणीला जोर आला.

म्हणून वेळासचं काम फुकट आहे असा अर्थ काढू नकोस हं. जिथे घरट्यातली अंडी माणसं आणि कोल्हीकुत्रीच संपवत होती तिथे आधी ते थांबवायलाच हवं, पिल्लूच नाही तर मोठं काय होणार. सांगायचं एवढंच की किनाऱ्यावरचं काम फोटोत दिसतं आणि जाळ्यातलं दिसत नाही, आणि गणिताला फोटोशी काही देणंघेणं नसतं.

गिधाडांचंही तेच. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, ते पिल्लू वीण करायला साधारण पाच वर्षांनी तयार होतं. असा पक्षी मोठ्यांच्या दीर्घ आयुष्यावर तगलेला असतो. मग गुरांना द्यायचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध आलं, ते दिलेलं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाल्लं की गिधाड मरतं, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के कमी झाली. लोकांना वाटतं की देशातली सगळी मढी विषारी असणार. तसं नव्हतं, हिशोब करून निघालं की शंभरात एकापेक्षाही कमी मढ्यांत ते औषध असलं तरी एवढी घसरण व्हायला पुरे. एका मढ्यावर कळपच्या कळप उतरतो आणि वर्षाला एक अंडं घालून ती तूट भरत नाही. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, पण परत वर यायचा वेग त्या एका अंड्यानेच ठरतो, सरकारच्या जीआरने नाही.

कारवीबद्दल तू विचारलंयस, थोडक्यात सांगतो. सात-आठ वर्षं नुसती वाढायची, मग सगळ्यांनी एकदम फुलायचं, बी टाकायचं आणि मरायचं. एकदम का, तर बी खाणाऱ्यांनी पोटं फुटेस्तोवर खाल्लं तरी काहीतरी उरावं, हे एक स्पष्टीकरण. मिझोरामच्या बांबूचंही असंच, ४८ वर्षांनी फुलतो, बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, मग बी संपलं की शेतात घुसतात. १९५९ च्या तिथल्या दुष्काळातून पुढे मोठं राजकारण झालं, ते वेळ मिळाला की वाच, इकॉलॉजी आणि इतिहास वेगळे शिकवतात हा आपल्याकडचा एक मूर्खपणा आहे.

आता तुझ्या प्रोजेक्टचं. बिबट्या सोड. एमएस्सीच्या मुदतीत बिबट्याची एक पिढीसुद्धा पूर्ण बघून होणार नाही. लिंबाची झाडं शोध, नर्सरीत ढिगाने मिळतील, त्यावर लिंबाळी फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक अंडं घालतं, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, फिकट पिवळं. प्रत्येक अंड्याच्या फांदीला नंबरची चिठ्ठी बांध आणि रोज एकाच वेळी जाऊन बघ: अंडं आहे का, फुटलं का, अळी आहे का. अळी सुरुवातीला पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, शेवटी हिरवी होते, नवखा माणूस दोन वेगळ्या जाती समजतो. काही अंडी काळी पडतील, ती फेकू नकोस, डबीत ठेव, त्यातून चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या निघू शकतात. आणि मोठी अळी एके दिवशी दिसली नाही तर वहीत "मेली" लिहू नकोस, कोषात जायला ती बऱ्याचदा झाड सोडून जाते, "दिसली नाही" एवढंच लिही. वर म्हटलेला चौथा हिशोब तो हाच.

एक पिढी महिनाभरात होते. पावसाळ्यात एक आणि थंडीत एक अशी दोन लाइफ टेबलं (कुठल्या टप्प्यात किती उरले त्याचे तक्ते) केलीस तर कुठल्या टप्प्यात सगळ्यात जास्त मरतात आणि तो टप्पा ऋतूप्रमाणे बदलतो का, एवढा प्रश्न एमएस्सीला भरपूर झाला. नर्सरीवाल्याला मात्र आधीच सांगून ठेव की त्या झाडांवर औषध मारू नको, नाहीतर तुझा सगळा डेटा एका सकाळी संपेल, त्याच्यासाठी ती कीडच आहे. पहिल्या आठवड्याचे आकडे आले की पाठव, ग्राफ नको, वहीच्या पानाचा फोटो पाठव.