ओला चोथा आणि कोरडा हिशेब

प्रश्न : हवेली तालुक्यात माझे यॉर्कशायर जातीच्या डुकरांचे लहानसे वराहपालन आहे. पुण्यातील बिअरच्या कारखान्यातून बार्लीचा ओला चोथा मला 6 रुपये किलोने मिळतो, मका मात्र 24 रुपयांना पडतो. मावळातील भातगिरण्यांमधून कोंडा आणि इथेनॉल प्रकल्पातून मक्याचे डीडीजीएसही (इथेनॉल काढल्यावर उरणारा, वाळवलेला चोथा) मिळण्यासारखे आहे. यांपैकी काय, किती आणि कोणत्या जनावरांना द्यावे, हे कसे ठरवावे?

उत्तर : आपण दिलेल्या भावांवरून चोथा मक्याच्या चौपट स्वस्त वाटतो, पण तसा तो नाही. बार्लीच्या ओल्या चोथ्यात 75 ते 80 टक्के पाणीच असते. कोरडा अंश 22 टक्के धरला, तर 6 रुपये किलोच्या चोथ्यातील कोरड्या मालाचा भाव किलोला सुमारे 27 रुपये होतो. मक्यात कोरडा अंश 88 टक्के असल्यामुळे त्याचाही भाव नेमका तेवढाच येतो. शिवाय ओल्या मालाची वाहतूक आपल्यालाच करावी लागते आणि उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत आंबून त्यावर बुरशी धरते. म्हणून कोणत्याही चोथ्याचा भाव ऐकताच प्रथम त्याचा कोरडा अंश विचारावा, आणि नंतरच सौद्याला बसावे.

पुढचा प्रश्न पचनाचा आहे, आणि बहुतेक नुकसान येथेच होते. गाई-म्हशींना जे पचते ते डुकराला पचेलच असे नाही, कारण त्याचे जठर एककप्पी असते आणि तंतुमय पदार्थांवर थोडेफार काम होते ते मोठ्या आतड्यात. दूध सोडलेल्या पिल्लांच्या खाद्यात तंतुमय पदार्थ 5 टक्क्यांच्या आत ठेवावेत. वाढत्या डुकरांना त्याहून थोडे अधिक चालतात. गाभण मादीची गोष्ट वेगळी आहे. तिचे मोठे आतडे पूर्ण विकसित झालेले असते, तिला खाद्य मोजूनच द्यायचे असते आणि भरड खाद्याने तिचे पोट भरल्यामुळे ती शांत राहते. तेव्हा आपल्याकडील चोथ्याची खरी जागा गाभण माद्यांच्या गव्हाणीत आहे. वाढत्या डुकरांना कोरड्या हिशेबाने 10 टक्क्यांपर्यंत द्यावा आणि पिल्लांना मुळीच देऊ नये.

व्यापारी प्रथिनांचा आकडा सांगतात, तो मात्र जपून ऐकावा. जर्मनीतील वेंडे येथे 1860 च्या दशकात बसवलेल्या पद्धतीप्रमाणे प्रयोगशाळा नत्र मोजते आणि त्याला 6.25 ने गुणून 'कच्ची प्रथिने' सांगते. त्यामुळे पेंडीत युरिया मिसळला, तरी कागदावर प्रथिने वाढलेली दिसतात, आणि डुकराला युरियाचा काहीही उपयोग होत नाही. डुकराची वाढ प्रथम अडते ती लायसीन या अमिनो आम्लापाशी. सोयाबीनच्या प्रथिनांत साधारण 6 टक्के लायसीन असते. बार्लीच्या चोथ्यात व मक्याच्या डीडीजीएसमध्ये ते प्रमाण जवळजवळ निम्मे भरते. डीडीजीएस वाळवताना उष्णता जास्त झाली, तर असलेले लायसीनही पचेनासे होते. म्हणून करपट वासाचा, गडद तपकिरी माल परत करावा. मक्यातील पिष्टमय भाग इथेनॉलमध्ये निघून गेल्यामुळे मूळ दाण्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष मागे उरलेल्या मालात सुमारे तिपटीने साठते. पावसाळ्यात ओलावलेल्या मक्यापासून झालेल्या डीडीजीएसची तपासणी केल्याशिवाय एकही पोते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाताचा कोंडा हा या तिन्हींतील सर्वांत चांगला घटक मी मानतो, पण तो ताजा असेल तरच. त्यात 12 ते 18 टक्के तेल असते आणि दळताक्षणी त्यातील विकर ते तेल फोडू लागते, म्हणून काही दिवसांतच तो खवट होतो. मावळ आपल्याला जवळ आहे. आठवड्यापुरताच कोंडा आणावा आणि त्यात तूस किती आहे ते हातावर घासून पाहावे. वाढत्या डुकरांना 15 ते 20 टक्क्यांपर्यंत तो चालतो. विक्रीच्या आधी मात्र प्रमाण कमी करावे, नाहीतर चरबी मऊ पडते. त्यातील बराचसा स्फुरद फायटेट या डुकराला नीट न पचणाऱ्या रूपात अडकलेला असल्याने क्षार मिश्रण बंद करू नये.

अखेरचा निवाडा मात्र वजनकाट्यानेच करावा. एकाच वयाच्या, शक्यतो एकाच वेताच्या पिल्लांचे दोन सारखे गट करावेत, एकाला नेहमीचे व दुसऱ्याला बदललेले खाद्य द्यावे, बदल आठवडाभरात हळूहळू करावा, आणि पाच-सहा आठवडे खाल्लेले खाद्य व वाढलेले वजन दोन्ही लिहून ठेवावे. समजा, 30 रुपये किलोचे खाद्य 3 किलो खाऊन एक किलो वजन वाढले, तर खर्च 90 रुपये झाला. 26 रुपयांचे स्वस्त खाद्य त्याच वाढीसाठी 3.6 किलो लागले, तर खर्च 93 रुपये 60 पैसे होतो. चार रुपये वाचवून आपण तोट्यात जातो, आणि हे केवळ पोत्यावरच्या भावाकडे पाहून कधीच कळत नाही.

प्रश्न : गाईंसाठी आणलेली सरकी पेंड डुकरांनाही द्यावी का?

उत्तर : देऊ नये. सरकीतील मुक्त गॉसिपॉल (सरकीतच असणारे विषारी द्रव्य) गाईच्या कोठीपोटात बऱ्याच अंशी बांधले जाते, परंतु डुकराच्या शरीरात साठून ते हृदय व यकृत यांना इजा करते. त्याच्या संपूर्ण खाद्यात किलोमागे 100 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मुक्त गॉसिपॉल धोक्याचे मानतात, आणि घाण्याच्या पेंडीत ते किती आहे हे तपासणीशिवाय समजत नाही. फेरस सल्फेट मिसळून ते बांधता येते, पण बिनसोललेल्या सरकीच्या पेंडीतील टरफलाचे तंतू त्यानेही कमी होत नाहीत, त्यामुळे एवढा खटाटोप करण्याऐवजी सोयाबीनची भाजलेली पेंडच घ्यावी.