शिलकी अंदाजपत्रक आणि शहराची खरी तब्येत

प्रश्न : आमच्या मध्यम आकाराच्या शहराचे अंदाजपत्रक दरवर्षी शिलकी असते. तरीही रस्तेदुरुस्तीसाठी निधी नाही, असे उत्तर मिळते. शहराची आर्थिक स्थिती नेमकी कशावरून ओळखावी?

उत्तर : जमीन विकून आलेली रक्कम, मोडलेली ठेव आणि नव्याने काढलेले कर्ज जमेच्या बाजूला मांडले, की कोणतेही अंदाजपत्रक शिलकी दाखवता येते. म्हणून शिलकीचा आकडा क्षणभर बाजूला ठेवावा आणि नियमित करांतून व सेवाशुल्कांतून येणाऱ्या उत्पन्नात पगार, निवृत्तिवेतन, वीज, देखभाल आणि व्याज हा नियमित खर्च भागतो का, एवढेच आधी तपासावे. तो भागत नसेल, तर शहर आपली पुंजी खाऊन जगत आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ती चालू वर्षाच्या जमाखर्चात दिसतच नाही. कॅलिफोर्नियातील सुमारे तीन लाख वस्तीच्या स्टॉक्टन शहराने 1990 च्या दशकात निवृत्त कर्मचाऱ्यांना तहहयात आरोग्यखर्चाचे आश्वासन दिले, पण त्यासाठी निधी बाजूला काढला नाही. पुढे घरबांधणीच्या तेजीत करांचे उत्पन्न वाढत असताना नदीकाठच्या सुशोभीकरणासाठी आणि क्रीडागारासाठी कर्जे काढली गेली. 2007 मध्ये निवृत्तिवेतनाची तूट भरण्यासाठी सुमारे 12.5 कोटी डॉलरचे कर्जरोखेही विकले गेले. त्यानंतर घरांच्या किमती कोसळल्या, उत्पन्न आटले, पोलीस दलातही मोठी कपात करावी लागली आणि जून 2012 मध्ये शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. नगरपालिकेच्या नव्या मुख्यालयासाठी घेतलेली आठ मजली इमारत कर्ज देणाऱ्यांच्या प्रतिनिधी बँकेने ताब्यात घेतली. निवृत्तांच्या वाट्याला आरोग्यखर्चाच्या बदल्यात एकत्रित 51 लाख डॉलर आले. आश्वासनाची मूळ किंमत 40 कोटी डॉलरांहून अधिक होती. ज्यांनी त्या शब्दावर म्हातारपणाची आखणी केली होती, त्यांचा या उधळपट्टीत काहीही दोष नव्हता, हे मला फार अस्वस्थ करते.

आता तुमच्या रस्त्यांविषयी. पैसा कमी पडू लागला की पहिली कात्री देखभालीलाच लागते, कारण डांबराचा थर यंदा टाकला नाही म्हणून यंदाच कोणी ओरडत नाही. पण फटीतून पाणी खाली मुरते, भराव खचतो आणि जिथे वरचा थर पुरला असता, तिथे काही वर्षांनी रस्ता मुळापासून करावा लागतो. जलवाहिन्यांचेही तसेच. ही साठलेली दुरुस्ती म्हणजे कर्जच होय. फक्त त्याची नोंद कुठे होत नाही.

तेव्हा अंदाजपत्रकाची प्रत न मागता मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. त्यात करवसुलीचा अंदाज आणि प्रत्यक्ष वसुली यांतील तफावत, ठेकेदारांची थकलेली देयके, निवृत्तिवेतनाची न भरलेली देणी आणि देखभालीसाठी तरतूद होऊनही खर्च न झालेली रक्कम पाहा. शेवटचा आकडा दरवर्षी वाढत असेल, तर तुम्हाला दाखवली जाणारी शिल्लक तुमच्याच खड्ड्यांतून काढलेली आहे.