बाळाचा मेंदू पाच वर्षांत पूर्ण वाढतो, हे खरं आहे का?

आकारापुरतं बरंचसं खरं. पाच-सहा वर्षांत मेंदू मोठ्यांच्या मेंदूच्या सुमारे ९० टक्के होतो. आतलं वायरिंग मात्र खूप मागे असतं.

आमच्या कोथरूडच्या घरी मालिशवाल्या मावशी तान्ह्या भाचीच्या तळव्यावरून टाचेकडून वर बोट फिरवतात, तेव्हा तिचा अंगठा वर उचलला जातो आणि बाकीची बोटं पंख्यासारखी पसरतात. आपली बोटं खाली वळतात. कारण मेंदूतून पाठीच्या कण्यात उतरणाऱ्या मज्जातंतूंवर तिचं मायलिनचं (संदेश वेगाने नेणारं चरबीयुक्त) वेष्टण अजून पुरतं चढलेलं नाही. वर्ष-दोन वर्षांत ते बऱ्यापैकी चढलं की ही गंमत संपते.

कपाळामागचा, सारासार विचाराचा भाग सगळ्यात शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. (फर्ग्युसन रस्त्यावर उलट्या दिशेने गाडी घालणाऱ्या पोरांना ही सबब चालेल, चाळिशीतल्या काकांना नाही.)

बाळाचा विचार असेल तर एवढं कराच: मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच मिटते, अनेकींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. ती नीट मिटायला फॉलिक ॲसिड लागतं, म्हणून ते आधीपासून, डॉक्टरांना विचारून.