वाचकांचे प्रश्न : पूलचं पाणी हिरवं झालं की उपसायचं का?

प्रश्न : भाऊ, शेतातल्या घरामागं २० बाय १० फुटाचा स्विमिंग पूल बांधला, सरासरी ४ फूट खोल, पंप आन् सॅन्ड फिल्टर आहे. उन्हाळा लागला की चार दिवसात पाणी हिरवंगार, मग उपसतो आन् पुन्हा भरतो, आता बोअर आटून राहिला. काहून होत असन हे? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : भाऊ, आधी उपसणं बंद करा. एकेका वेळी २२,६०० लिटर पाणी जातंय तुमचं, अन् शेवाळ काही जात नाही, भिंतीवरच्या बुळबुळीत थरातून ते नव्या पाण्यात परत धरतं. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, तेव्हा पूल रिकामा असला तर भिंतीला तडे जायची भीती.

मुळात ऊन क्लोरीन खातं. एप्रिल-मेमधे सकाळी टाकलेलं ब्लिचिंग दुपारपर्यंत जवळपास संपलेलं असतं, म्हणून दिवस मावळल्यावरच टाका. आधी भिंती ब्रशनं खरडून घ्या, मग ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, ताजी असेल तर ७०० ग्रॅमच्या आसपास, प्लास्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्या अन् वरची निवळ तेवढी पूलमधे सगळीकडे फिरवून ओता. शेतातली लाइन जेव्हा येईल तेव्हा फिल्टर चालवा, बॅकवॉश मारा, म्हणजे पाणी उलटं फिरवून फिल्टर धुवा, मेलेलं शेवाळ अडकून फिल्टर लवकर चोंदतो.

टेस्ट किट मात्र घ्याच. पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ पाहिजे, त्याच्यावर गेला की क्लोरीन असूनही नीट काम करत नाही, अन् बोअरच्या पाण्यानं अन् टीसीएलनं तो वरच जातो. खाली आणायला अ‍ॅसिड लागतं, ते पाण्यात टाकायचं, अ‍ॅसिडात पाणी नाही, आणि टीसीएलच्या बादलीत तर कधीच नाही, विषारी गॅस निघतो. सायन्युरिक अ‍ॅसिड नावाचा स्टॅबिलायझर मिळतो, तो ३० पीपीएमसाठी, म्हणजे लिटरमागं ३० मिलिग्रॅमसाठी, तुमच्या पूलला ६८० ग्रॅम लागेल, मग क्लोरीन उन्हात बराच टिकतो.

क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर आला अन् वरून तळ स्वच्छ दिसला तरच पोट्ट्यांना उतरू द्या, गढूळ पाण्यात बुडालेलं लेकरू दिसत नाही. अन् भोवती जाळी अन् आपोआप बंद होणारं फाटक आजच लावा, कापूस वेचायला येणाऱ्या बायांची लहान लेकरं तिथंच खेळत असतात.