प्रदर्शन हुकलं, पण शहर तिथेच आहे

जर्मनीतल्या म्युन्स्टर शहराचं तिकीट काढलं आणि तिथलं शिल्पप्रदर्शन आधीच संपल्याचं कळलं, तर वाईट वाटणं अगदी साहजिक आहे. हे प्रदर्शन १९७७ पासून दर दहा वर्षांनीच भरतं, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोय नाही. पण तिकीट रद्द करू नका. प्रदर्शन संपलं तरी बरीच शिल्पं त्या शहरात कायमची राहिली आहेत, तीही उघड्यावर आणि फुकट.

सायकल भाड्याने घ्या आणि थेट आ-झे तलावाकाठी जा. शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गचे साडेतीन मीटर व्यासाचे काँक्रीटचे तीन गोळे तिथेच आहेत. कलाकार इल्या काबाकोव्हच्या उंच अँटेनासारख्या शिल्पाखाली गवतावर चक्क पाठ टेकून झोपा, कारण तारांमधली जर्मन अक्षरं आभाळाच्या पार्श्वभूमीवरच वाचायची आहेत. मला म्युन्स्टरमधलं हे सगळ्यात प्रिय. घाई करू नका.

पुढच्या वेळेसाठी सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- आधी प्रदर्शनाच्या तारखा बघा, मग विमानाचं तिकीट काढा. नवखे नेमकं उलट करतात. कलाकार क्रिस्टोचा इटलीतल्या इझेओ तलावावरचा पिवळा तरंगता रस्ता २०१६ मध्ये फक्त १६ दिवस होता.
- सुट्टीचा वार तपासा. व्हेनिसचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, बहुतेक सोमवारी बंद असतं.
- ‘वर्षभर’ असं गृहीत धरू नका. जपानचं सेतोउची त्रैवार्षिक कलाप्रदर्शन वसंत, उन्हाळा आणि शरद अशा तुकड्यांत भरतं.

म्युन्स्टरची पुढची पाळी २०२७ ची. वहीत आत्ताच लिहून ठेवा.