बजेटमध्ये ट्रॅकसाठी पोलो तयार करायची आहे, ब्रेक आणि व्हील कोणती घेऊ?

तुम्ही लिहिलंय की गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, ब्रेक आणि व्हील मिळून ८० हजारांचं बजेट आहे, आणि १७ इंची अलॉय, होलवाल्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) की चार पिस्टनचं मोठं ब्रेक किट, असा प्रश्न आहे. माझं उत्तर: तिन्ही नकोत. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी २०१८ साली माझ्या पोलोला लावल्या होत्या, आणि पुढच्याच जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर सातव्या लॅपला माझं ब्रेक पेडल तळाला गेलं. म्हणून लिहायला बसलोय.

मी कोल्हापूरचा. माझे वडील, आण्णा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ३१ वर्षं होते. ब्रेक ड्रम, डिस्क, फ्लायव्हील हेच त्यांचं रोजचं ओतकाम. माझा थोरला चुलत भाऊ, दादा, याचं गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान. व्हील आणि डिस्क त्याच्याकडूनच घेतल्या. घरचा माणूस, दुसरीकडे कशाला जायचं, एवढाच विचार.

डिस्कचं खोकं घरी आणलं तेव्हा आण्णा ओसरीत बसले होते. त्यांनी डिस्क बाहेर काढली, आधी काठ बघितला. तुम्हाला माहीतच आहे, पुढची व्हेंटिलेटेड डिस्क म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये हवेसाठी पाकळ्या. ती पोकळी ओतताना साच्यात वाळूचा कोअर ठेवून करतात. कोअर जरा सरकला की एक चकती जाड होते, दुसरी पातळ. बाहेरून मशिनिंग झाल्यावर एकूण जाडी बरोबर येते, त्यामुळे गिऱ्हाइकाला काही कळत नाही. आण्णांनी व्हर्निअर मागवला. एक बाजू ७.९ मिलिमीटर भरली, दुसरी ६.३. तीच डिस्क अर्धा फेरा फिरवून मोजली तर आकडे आणखी वेगळे. म्हणाले, "कोअर सरकलाय. एक बाजू आधी तापणार, आधी वाकणार. आणि वर होलं पाडून लोखंड कमी केलंय. अरे, ते लोखंडच उष्णता खातं."

दादा तिथेच होता. तो म्हणाला, "काका, पोर्शेला पण होलं असतात." आण्णा यावर काही बोलले नाहीत. मला फक्त एवढंच म्हणाले, की गाडीच्या जुन्या डिस्क टाकू नकोस, कोइमतूरला जाताना डिकीत ठेव. मला तेव्हा ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. तरी ठेवल्या.

करी हा सव्वादोन किलोमीटरच्याही आतला लहान ट्रॅक. लोकांना वाटतं लहान ट्रॅक म्हणजे ब्रेकवर ताण कमी. उलट आहे. सरळ रस्ता संपला की लगेच वळण, डिस्कला निवायला वेळच नाही. हिशेब करून बघा. चालकासह १,२०० किलोची गाडी १५० वरून ७० च्या वेगावर आणायची तर साधारण आठ लाख ज्यूल उष्णता तयार होते. अडीच लिटर गार पाणी उकळीला आणायला लागते तेवढी, आणि ती तीन-चार सेकंदांत. त्यातली सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कवर. एका डिस्कचं वजन पाच किलो धरलं तर एका ब्रेकिंगला ती शंभरावर अंशांनी तापते. मग पुढचं वळण, परत शंभर.

चौथ्या लॅपला पेडल जरा खोल जायला लागलं. सहाव्याला जळका वास आला. सातव्याला सरळ रस्त्याच्या शेवटी पाय ठेवला आणि पेडल पाण्यात पाय घालावा तसं खाली गेलं. दोनदा पंप केलं, तिसऱ्यांदा थोडं धरलं, गिअर खाली ओढले. गाडी मातीत गेली आणि टायरच्या भिंतीपासून दहा-बारा पावलांवर थांबली. कुणाला काही झालं नाही. मी स्टिअरिंग सोडलं तेव्हा बोटं वळलेलीच राहिली होती.

पिटमध्ये शेजारच्या टीमचा एक वयस्कर मेकॅनिक आला. त्याने पेनासारखा टेस्टर ब्रेक फ्लुइडच्या रिझर्व्हायरमध्ये, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवाच्या डबीत, बुडवला, लगेच लाल दिवा लागला. फ्लुइडमध्ये पाणी. ते फ्लुइड तीन पावसाळे जुनं होतं, आणि कोल्हापूरचा पावसाळा म्हणजे काय हे मी वेगळं सांगायला नको. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, रबरी होजमधून, रिझर्व्हायरच्या झाकणातून. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावरचा किमान आकडा आहे १५५. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड (घासणारे तुकडे) दाबणाऱ्या चिमट्यात, फ्लुइड उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं आणि पॅड जागचं हलत नाही. निघण्याआधी मी दादाला विचारलं होतं, फ्लुइड बदलू का? त्याने झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "काळं झालेलं नाही, चालेल."

चाकं काढल्यावर डिस्क बघितल्या. होलापासून होलापर्यंत भेगा, नखाला लागतील अशा. त्या रात्री डिकीतल्या जुन्या डिस्क लावल्या, त्या मेकॅनिककडून नवं फ्लुइड घेऊन पूर्ण ब्लीड केलं, म्हणजे जुनं फ्लुइड आणि आतली हवा काढून टाकली, आणि जवळजवळ हजार किलोमीटर गाडी चालवत घरी आलो. आण्णांनी भेगांवर खडूने खुणा केल्या, अकरा भरल्या. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे, की मी ब्रेक उशिरा दाबला आणि मला गाडी चालवता येत नाही. दर गणपतीला हे निघतं. म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ही कळली की खर्च कुठे करायचा ते आपोआप कळतं. पेडल टणक आहे, पाय दाबतोय, पण गाडी थांबत नाही, तर पॅडने दम सोडलाय. पेडल मऊ होत तळाला जातंय, तर फ्लुइड उकळलंय. हे दोन वेगळे रोग आहेत. चालकाने ब्रेक उशिरा दाबला तर गाडी लांब थांबेल, पण पेडल पायाखालून नाहीसं होणार नाही.

आता तुमचं. पहिला खर्च फ्लुइडवर. मोतूल आरबीएफ ६०० या फ्लुइडचा कोरडा, म्हणजे पाणी मुरण्याआधीचा, उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. बजेटच्या मानाने हा किरकोळ खर्च आहे आणि सगळ्यात जास्त फरक हाच पाडतो. चारही चाकांना ब्लीड करा, आणि ट्रॅक डेच्या आधी दरवेळी निदान पुढचं तरी ताजं करा. दुसरा खर्च पॅडवर. साधं रस्त्याचं पॅड साडेतीनशे अंशांच्या आसपास दम सोडतं. फेरोडो डीएस२५०० सारखं, रस्ता आणि ट्रॅक दोन्ही सांभाळणारं पॅड घ्या. लावल्यावर ते बसवून घ्या. रिकाम्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, आणि मग ब्रेकला हात न लावता पंधरा मिनिटं चालवून गार करा. हे न करता ट्रॅकवर गेलात तर नवीन पॅडमधून वायू सुटतो आणि पहिल्या दोन लॅपमध्येच घसरगुंडी होते.

डिस्क कंपनीच्या मापाच्या, साध्या, बिनहोलाच्या. ग्रे कास्ट आयर्नमध्ये ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात, ते उष्णता पटकन पसरवतात आणि थरथर गिळतात. म्हणून एवढी वर्षं झाली तरी डिस्क त्याच लोखंडाच्या होतात. होल पाडलं की नेमकं तिथून ताण सुरू होतो. होलं आली ती जुन्या पॅडमधून सुटणारा वायू निघून जावा म्हणून, आजच्या पॅडला त्याची गरज नाही. खाचा, म्हणजे स्लॉटेड, चालतील, पण त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. विकत घेताना काठाकडून दोन्ही चकत्या मोजा, चार ठिकाणी. दुकानदार रागावला तर रागावू दे.

चार पिस्टनच्या किटबद्दल थोडक्यात. थंड डिस्कवर तुमचे आताचे ब्रेक टायर लॉक करू शकतात ना? मग थांबण्याचं अंतर टायर ठरवतो, पिस्टन नाही. किटने उष्णता जास्त झेपते हे खरं, पण चांगलं किट तुमच्या बजेटमध्ये बसत नाही आणि मोठी डिस्क आली की १५ इंची चाक बसत नाही. मागे ड्रम आहेत, ते राहू द्या. साफ करून शू ॲडजस्ट करून घ्या, बास.

चाकांवर मात्र मला जास्त बोलायचंय. फाउंड्रीच्या वजनकाट्यावर मी दोन्ही ठेवली होती. दादाने दिलेलं १७ इंची, २०५/४५ टायरसकट, १९.८ किलो. माझं मूळ १५ इंची, १८५/६० सकट, १५.५. एका चाकाला सव्वाचार किलो, चाराला सतरा, आणि हे वजन फिरणारं. गाडी पळवतानाही तेवढं ओढायचं आणि ब्रेक मारतानाही तेवढं थांबवायचं. शिवाय बाहेरचा व्यास १३ मिलिमीटरने वाढला, म्हणजे तेवढ्याच ब्रेकला जमिनीवर तेवढा जोर कमी. मोठ्या चाकाने ब्रेकचं काम वाढवलं, कमी नाही केलं. दिसायला भारी दिसत होती, ते मी नाकारत नाही.

तुम्ही घ्या १५ बाय ७ चं चाक (व्यास आणि रुंदी, इंचात), पीसीडी ५x१०० (१०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट), ऑफसेट ३५ ते ३८ (बोल्टची बसण रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर), आणि त्यावर १९५/५५ आर१५ चांगल्या ग्रिपचा टायर. चाक साध्या ग्रॅव्हिटी कास्टिंगचं घेऊ नका, फ्लो-फॉर्म्ड घ्या. त्यात रिमचा बाहेरचा भाग तापवून रोलरखाली ओढतात, धातू दाटतो, त्यामुळे तेवढ्याच ताकदीचं चाक पातळ आणि हलकं करता येतं. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेलं, उत्तम, पण ८० हजारांत विसरा. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे चाकाच्या मजबुतीचे जपानी शिक्के बघा, आणि ते ओतलेले असावेत, स्टिकर नव्हे.

पोलोच्या मधल्या भोकाचं माप ५७.१ मिलिमीटर. बाजारातल्या बऱ्याच चाकांचं ७३.१ असतं, मध्ये रिंग लागते. ती ॲल्युमिनियमची घ्या, प्लास्टिकची ट्रॅकवर मऊ पडते. आणि बोल्ट! फोक्सवॅगनचा मूळ बोल्ट गोल बसणीचा असतो, बाहेरच्या चाकांची बसण बहुतेक वेळा तिरकी, शंकूसारखी. मूळचेच बोल्ट नव्या चाकाला आवळले तर धातू फक्त एका कडेवर टेकतो. करीला माझ्या पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट पाना लावताच अर्धा फेरा सैल फिरले. दुकानात मूळचेच बोल्ट परत लावले होते. एम१४x१.५, शंकू बसणीचे नवे घ्या, १२० न्यूटन मीटरला टॉर्क रेंचने आवळा, आणि प्रत्येक सेशननंतर परत तपासा.

खर्चाचा अंदाज असा: फ्लुइड, पॅड, नव्या डिस्क आणि मजुरी यात २५ ते ३० हजार, उरलेले चाकांना. टायर त्यात बसले नाहीत तर चाकं पुढच्या वर्षी घ्या, आधी टायर. मूळचं चाक काही वाईट नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. ट्रॅकचं पॅड शहरात थोडं ओरडतं, आणि सकाळी गार असताना पहिला ब्रेक जरा कमी लागतो, घरातलं दुसरं कुणी गाडी नेत असेल तर आधी सांगा. गरम लॅपनंतर पिटमध्ये हँडब्रेक ओढू नका, ब्रेकवर पाय ठेवून उभे राहू नका. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, नाहीतर डिस्कवर पॅडचा थर बसतो आणि पुढे पेडल थरथरतं. गाडीच्या विम्यात ट्रॅकवरचं नुकसान सहसा धरत नाहीत, कागद वाचून घ्या. आणि माझा अनुभव १.२ लिटर इंजिनच्या गाडीचा आहे. तुमची २०२० नंतरची १.० असेल तर चाक घेण्याआधी कॅलिपरवर बसवून, हाताने फिरवून बघा.

आण्णा २०२२ मध्ये गेले. खडूच्या खुणा असलेली डिस्क मी कपाटात ठेवली आहे. दादाने ती अजून एकदाही हातात घेतलेली नाही. तुम्ही ट्रॅकवर जाल तेव्हा आदल्या आठवड्यात फ्लुइड बदला. समोरचा झाकण उघडून "काळं नाही, चालेल" म्हणाला तर चावी परत घ्या आणि दुसऱ्या गॅरेजात जा, तो सख्खा असला तरी.